पावसाळ्यात उतरणारा सूर: जुन्या सिंथमधला बिघाड कसा शोधायचा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर तळलेला पापड दहा मिनिटांत मऊ पडतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा घरात १९७०च्या दशकातला अ‍ॅनालॉग सिंथेसायझर असेल तर त्याचा सूर हलायला लागला तर नवल नाही. तोच सिंथ फेब्रुवारीत नीट वाजतो. घरचे म्हणणार, "दमट हवेनं बिघडलाय." असेलही. पण हा अजून फक्त संशय आहे, आणि संशयापासून कारणापर्यंत कसं जायचं हे शिकायला मला या यंत्राइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. पेट सुटल्यावर आपण जे करणार आहोत तेच इथे करायचंय, फक्त चूक झाली तर ती लगेच कानाला कळते.

आधी यंत्र थोडक्यात. कळ दाबली की एक व्होल्टेज तयार होतं. बहुतेक सिंथमध्ये एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकात १२ स्वरस्थानं, म्हणजे एका स्वरस्थानाला साधारण ८३ मिलिव्होल्ट. दोन लगतच्या स्वरस्थानांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक सेंट, आणि सेंटला जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. हे व्होल्टेज ऑसिलेटरला जातं, तो त्याची कंपनसंख्या ठरवतो, पुढे फिल्टर आणि अ‍ॅम्प्लिफायर.

आता एक बारीक गोष्ट. कळ सोडल्यावरही आवाज हळूहळू विरत असतो, आणि तोवर सूर तोच राहायला हवा. म्हणून एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या अनेक जुन्या सिंथमध्ये शेवटच्या कळीचं व्होल्टेज एका छोट्या कपॅसिटरवर साठवून ठेवतात. कळ सोडली की त्या कपॅसिटरचा वाली कोणी नाही. त्यावरचा विद्युतभार गळाला नाही तरच सूर टिकतो.

किती गळती चालेल? समजा कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा आहे आणि त्यावर ३ व्होल्ट आहेत. सर्किट बोर्ड कोरडा, गळतीचा रोध १,००० गिगाओहम: सेकंदाला ०.३ मिलिव्होल्ट जातात, कानाला काही कळत नाही. बोर्डावर ओल धरली आणि रोध १० गिगाओहमवर आला तर सेकंदाला ३० मिलिव्होल्ट, म्हणजे ३६ सेंट. आपल्याकडे श्रुतींच्या चर्चेत ज्याला प्रमाणश्रुती म्हणतात ते अंतर साधारण २२ सेंट असतं. एका सेकंदात सूर त्याच्याही खाली. १० गिगाओहम हा आकडा ऐकायला प्रचंड वाटतो, इतर बहुतेक सर्किटांना तो पुरून उरतो. इथे पुरत नाही.

म्हणजे ओल हा सबळ संशयित. पण दुसराही आहे: तापमान. ऑसिलेटरमध्ये व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवा असतो, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. भरपाईचा खास रोध बसवलेला नसेल किंवा तो निकामी झाला असेल, तर संदर्भ-सुरापासून तीन सप्तकं दूर असलेला स्वर एका अंशाने जवळजवळ १२ सेंट हलतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बाजूला ढग घरात शिरतात तेव्हा हवा दमटही असते आणि गारही. दोन्ही कारणं एकदमच बदलतात. बरं, लोक उपाय काय करतात? हेअर ड्रायर फिरवतात, किंवा अर्धा तास चालू ठेवून "गरम होऊ देतात". त्याने बोर्ड वाळतोही आणि तापतोही. सूर स्थिर झाला, सगळे खूश, पण कशाने झाला हे कोणालाच माहीत नाही. उपाय लागू पडणं म्हणजे निदान बरोबर असणं नव्हे. शोधनिबंध वाचताना या जागी पेन्सिलीने खूण करायची सवय लावा.

दोघांना वेगळं करायला त्यांच्या वागण्यातला फरक शोधायचा. गळती असेल तर कळ दाबून धरली असताना सूर हलणार नाही, सोडल्यावर हलायला लागेल. तापमान असेल तर कळ धरली काय, सोडली काय, सूर हलणारच. गळती ग्राउंडकडे असेल तर वरचे स्वर खालच्यांपेक्षा जोरात उतरतील, कारण व्होल्टेज जास्त तिथे गळतीही जास्त. आणि सोडल्यावर सूर उतरण्याऐवजी चढत असेल तर गंमतच आहे: भार बाहेर जात नाहीये, शेजारच्या धन पुरवठ्याच्या रेषेवरून आत येतोय. हे सगळं झाकण न उघडता, ट्यूनर आणि वही घेऊन करता येतं. मला ही पायरी सगळ्यात आवडते आणि बहुतेक जण नेमकी हीच गाळतात.

मग मधोमध तपासायचं: व्होल्टेज हलतंय की ऑसिलेटर? इथे एक सापळा आहे. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम असतो. त्याचं टोक थेट त्या १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरवर टेकवलं तर एक दशांश सेकंदात व्होल्टेज कोसळतं. म्हणजे गळती नव्हती, मीटरने केली. मोजायचं ते पुढच्या बफरच्या बाहेर, जिथे मीटरचं ओझं जाणवत नाही. तिथलं व्होल्टेज स्थिर असून सूर हलत असेल तर ऑसिलेटर बघा, तेच घसरत असेल तर कपॅसिटरभोवतीचा बोर्ड.

झाकण उघडल्यावर पहिली भेट अर्थातच वीजपुरवठ्याला. (त्याच्याही आधी मागची पट्टी वाचा: जपानच्या बाजारासाठी बनलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात, आपल्या २३० वर थेट लावली की पुढचा लेख वाचायची गरज नाही.) घरगुती विजेचा भाग ज्याला हाताळता येत नाही त्याने तो जाणकाराकडे द्यावा. गुणगुण ऐकू येत असेल तर तिची कंपनसंख्या बघा. १०० हर्ट्झ असेल तर पुरवठ्यातले गाळणीचे कपॅसिटर थकलेत, ५० असेल तर बहुधा ग्राउंड किंवा वायरीचं आवरण.

गळती ठरली तरी ओल हेच कारण का? सिंथ बंद डब्यात सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवा, खोली तीच, तापमान तेच. नंतर घसरण कमी झाली तर ओलीचा हात सिद्ध. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या भागातला जुना फ्लक्स आणि धूळ धुवा, पूर्ण वाळू द्या आणि डब्याशिवाय पुन्हा मोजा. जुन्या सोल्डरिंगचे अवशेष पाणी धरून ठेवतात. हवा होती तीच असते, दोष त्या थराचा असतो.

एकाच वेळी अनेक सूर वाजवणाऱ्या सिंथमध्ये एक सोय फुकट मिळते. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला, तो रोलंडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या तीन यंत्रांवर. ज्युपिटर-८मध्ये आवाज तयार करणारी आठ सारखी सर्किटं आहेत. अशा यंत्रात एकच सर्किट खराब असेल तर उरलेली सात तुमचा कंट्रोल ग्रुप. त्याच जागी त्याच बिंदूंवर मोजा आणि फरक दिसेल तिथे थांबा. १९८४च्या जुनो-१०६मध्ये अशी सहा सर्किटं आहेत आणि त्याचा प्रसिद्ध आजार आपल्या गोष्टीचाच भाऊ आहे: ८००१७ए या चिपवरचं इपॉक्सीचं आवरण वयाबरोबर थोडं वीज वाहू लागतं. आवाज खरखरतो किंवा अडकून बसतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून आवरण काढलं की बऱ्याच चिपा पुन्हा चालतात. संरक्षणासाठी लावलेला थरच गुन्हेगार.

आणि प्रत्येक विचित्र सुटा भाग बिघाड नसतो. टीआर-८०८मध्ये मुद्दाम गोंगाट करणारे, एरवी नापास ठरलेले ट्रान्झिस्टर वापरले होते. त्या यंत्राची ती 'च्स्स' त्यांतून येते. उत्साहाने चांगला ट्रान्झिस्टर बसवला तर यंत्र निर्दोष होतं आणि आवाज जातो.

शेवटी नोंदींबद्दल. वहीत तारीख, खोलीचं तापमान, आर्द्रता आणि प्रत्येक स्वराची सेकंदाची घसरण लिहा. साधा आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. ऑक्टोबरात धुतलेला बोर्ड नोव्हेंबरात सुरेल वाजला म्हणून लगेच निकाल लिहू नका, तेव्हा मावळात सगळंच कोरडं असतं. त्या रकाना पुढच्या जुलैपर्यंत रिकामा ठेवावा लागतो.