धारेचा घसारा

सुताराचे गिरमिट बोथट झाले की लाकूडच तक्रार करते. भुशाच्या कुरळ्या साली पडायच्या थांबतात, नुसते पीठ पडू लागते, जळका वास येतो आणि सुतार चडफडत कानस शोधू लागतो. जबड्याच्या हाडाला ही सोय नाही. सुन्न केलेल्या हिरडीखाली ड्रिल फिरत असते, वरून सलाइनची धार चालू असते. रोग्याला कळ लागत नाही, धूर तर दिसतच नाही. काही बिघडलेच असेल तर ते कळायला आठवडे, कधी महिने जातात.

हा विषय आता आम्हा पेन्शनरांच्या कट्ट्यावर आला आहे. पूर्वी तिथे मुदत ठेवींच्या व्याजदरांवर भांडणे व्हायची. आता कवळी की इम्प्लांट, यावर होतात.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. या शास्त्राची सुरुवात स्वीडनमध्ये, सशाच्या पायापासून झाली. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५० च्या दशकात हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी तिथे टायटॅनियमचे एक छोटे उपकरण बसवत. प्रयोग संपल्यावर ते काढू गेले तर निघेना. हाड धातूला धरून बसले होते! १९६५ साली योस्टा लार्सन या रोग्याच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले आणि २००६ साली लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते टिकले. पण धातूला धरून ठेवायला हाड जिवंत हवे. मेलेले हाड कुणाला धरणार?

हाड किती उष्णता सोसते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन या स्वीडनच्याच संशोधकांनी १९८३ साली सशांवर तपासले. ४७ अंश सेल्सियस, एक मिनिट. त्यापलीकडे हाडाची हानी होऊ लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा जिथवर चढल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेवढाच हा आकडा. शरीराच्या तापमानापेक्षा फक्त दहा अंश वर.

नवे ड्रिल हाड कापते आणि चुरा आपल्या खाचांतून वर ढकलते. बोथट ड्रिल कापण्याऐवजी घासते. मग डॉक्टरांचा हात नकळत अधिक दाब देतो, घर्षण वाढते आणि हाड उष्णतेचे चांगले वाहक नसल्याने ती तिथेच कोंडते. मॅथ्यूज आणि हर्श यांनी १९७२ सालीच मानवी हाडावर मोजून दाखवले होते की झिजलेल्या ड्रिलने तापमान अधिक चढते आणि अधिक वेळ चढलेले राहते. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सर्वांत टणक. तिथे धोका जास्त. छिद्र खोल असेल तर बाहेरून सोडलेले पाणी तळापर्यंत नीट पोचतही नाही. होरपळलेल्या थराच्या जागी नवे हाड येण्याऐवजी कधी मऊ तंतुमय पेशीजाल तयार होते आणि स्क्रू हलू लागतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुराढोरांच्या हाडांवरच्या अनेक प्रयोगांत असे दिसले आहे की पाणी नीट सोडले, मधूनमधून ड्रिल वर काढले, तर एकच ड्रिल बऱ्याच वेळा वापरूनही तापमान धोक्याच्या रेषेखाली राहते. तेव्हा पुन्हा वापरणे हा काही गुन्हा नव्हे. एका रोग्यापुरती ड्रिलेही मिळतात, पण दर वेळी नवे घ्यायचे तर त्याचा भार शेवटी बिलातच येणार. माझा प्रश्न वेगळा आहे. किती वेळा वापरले, हे कोण मोजतो?

बँकेत आम्ही टेबलखुर्च्यांवरसुद्धा दर वर्षी घसारा लावत असू. खुर्ची मोडलेली निदान दिसते तरी. ड्रिलची धार नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. शिवाय संच एकसारखा झिजत नाही. साधारण दोन मिलिमीटरचे ड्रिल बहुतेक प्रत्येक छिद्रात जाते, जाडे एखाद्याच. म्हणजे रोगी मोजून भागत नाही. छिद्रे मोजायची, आणि तीही प्रत्येक ड्रिलच्या नावावर वेगळी.

सुईच्या बाबतीत आपण शहाणे झालो आहोत. एड्स आणि काविळीच्या भीतीने खेड्यातली आजीबाईसुद्धा 'सुई नवी आहे ना?' असे विचारते. ड्रिलबद्दल फार तर 'उकळले आहे ना?' इथवर आपण येतो. ऑटोक्लेव्हची १२१ किंवा १३४ अंशांची वाफ जंतू मारते. धार लावत नाही. उलट वारंवारच्या वाफेने पोलादाची धार थोडीफार खराबच होऊ शकते.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा खालचा इम्प्लांट तिसऱ्या महिन्यात सैल झाला. 'तुमचे हाडच कमकुवत' असे त्याला सांगण्यात आले. असेलही, मधुमेह आहे, तंबाखूही होती. पण त्याने ड्रिलच्या वापराची नोंद मागितली तेव्हा तिथे नोंदच नव्हती. नोंद नसताना दोष हाडाचा, हे ठरवले कोणी? आमच्याकडे असे व्हाउचर ऑडिटरने परत पाठवले असते.

मी स्वतः गेलो तेव्हा खुर्चीत बसण्याआधीच विचारले. डॉक्टर मुलगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. "काका, सगळे ऑटोक्लेव्ह केलेले आहे," ती म्हणाली.

"ते झाले. पण धार?"

ती हसली. खणातून तिने एक शाळकरी वही काढली. ड्रिलमागे एक पान, छिद्रामागे एक उभी रेघ, टणक हाड असेल तर दोन. कंपनीने सांगितलेली मर्यादा वर लाल शाईने लिहिलेली. दोन मिलिमीटरच्या पानावर मर्यादेला तीन रेघा उरल्या होत्या, आणि माझे हाड टणक निघाले तर दोन लागणार होत्या.

"नवेच काढते," ती म्हणाली, आणि ते पान तिने आडवी रेघ मारून बंद केले.