कुंझाइट : पारख आणि जतन

कावेरीच्या काठी वसलेले कुंभकोणम हे देवळांचे गाव म्हणून भारतभर प्रसिद्ध आहे. मराठी माणसाला ते सर्वस्वी परके नाही. तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात अनेक मराठी कुटुंबे त्या परिसरात स्थायिक झाली आणि बडोद्याचे दिवाण म्हणून परिचित असलेले राजा सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ साली कुंभकोणमलाच झाला. या गावाच्या आसमंतात नवग्रहांची प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. सूर्यनारकोविल हे सूर्याचे, कंजनूर शुक्राचे, आलंगुडी गुरूचे, तिरुनागेश्वरम् राहूचे. कुंभकोणमला मुक्काम ठेवून ही यात्रा करणारे भाविक देशाच्या सर्व भागांतून येतात.

जेथे ग्रहांचा विचार येतो तेथे रत्नांचाही येतोच. सूर्याचे माणिक, चंद्राचे मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नील, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या, अशी ही परंपरेने ठरलेली नऊ रत्ने आहेत. त्यांच्या फलाबद्दल ज्याची जशी श्रद्धा तसे त्याने मानावे. परंतु रत्नाची खरेदी हा श्रद्धेइतकाच व्यवहाराचाही विषय आहे. यात्रेच्या धांदलीत एखाद्याच्या हातावर सुंदर गुलाबी खडा ठेवला आणि ‘हे माणिकच, पण गुलाबी जातीचे’ असे कोणी सांगितले, तर त्याने काय करावे? असा खडा काचेचा असू शकतो, स्फटिकाचा असू शकतो, आणि तो कुंझाइट नावाचे अस्सल रत्नही असू शकतो. मात्र अस्सल कुंझाइट झाला तरी तो माणिक नव्हे. त्याचे कुळ निराळे, किंमत निराळी आणि त्याला जपण्याची रीतही निराळी.

कुंझाइटचा उल्लेख आपल्या जुन्या ग्रंथांत शोधू गेल्यास सापडणार नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेमध्ये रत्नपरीक्षेचे अध्याय लिहिले. पण रत्न म्हणून या गुलाबी खड्याची ओळख जगाला पटली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात पाला नावाच्या गावाजवळ १९०२ साली हे स्फटिक मिळाले. न्यूयॉर्कचे रत्नशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी ते ओळखले, आणि चार्ल्स बास्करव्हिल या रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली त्यांच्याच नावावरून त्याला ‘कुंझाइट’ हे नाव दिले. आज हा खडा प्रामुख्याने अफगाणिस्तान, पाकिस्तान, ब्राझील आणि मादागास्कर या देशांतून बाजारात येतो.

ज्या खनिजाचे हे गुलाबी रूप आहे त्याचे नाव स्पोड्युमिन. भाजून राख झालेले, अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. कारण सामान्यतः हे खनिज राखी रंगाचे असते. लिथियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही त्याची घटकद्रव्ये. त्यात मँगॅनीज या धातूचा किंचित अंश मिसळला की त्याच राखी दगडाला गुलाबी व जांभळट छटा येते. ज्या लिथियमसाठी आज विजेच्या घटांचे कारखानदार जगभर धुंडाळा करीत आहेत, तेच लिथियम या रत्नाच्या अंगी आहे. कुंभकोणमला पोहोचण्यापूर्वी कावेरी कर्नाटकातील ज्या मंड्या जिल्ह्यातून वाहते, त्या जिल्ह्यातही स्पोड्युमिनयुक्त खडक आढळले आहेत. मात्र तेथील शोधाचे महत्त्व लिथियमच्या दृष्टीने आहे, दागिन्यांच्या दृष्टीने नव्हे. म्हणून ‘इथल्याच नदीकाठचा खडा’ अशी कोणी स्तुती केली, तर ती ऐकून सोडून द्यावी.

या रत्नाचे तीन स्वभावविशेष ध्यानात ठेवले, तर त्याची खरेदी आणि निगा यांविषयीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पहिला विशेष म्हणजे त्याचा रंग पाहण्याच्या दिशेनुसार बदलतो. स्फटिकाच्या लांबीच्या दिशेने पाहिले की गुलाबी रंग गडद दिसतो; आडव्या दिशेने पाहिले की तो फिका, कधी जवळजवळ वर्णहीन भासतो. म्हणून जाणता कारागीर पैलू पाडताना खड्याचे तोंड त्या गडद दिशेकडे ठेवतो, आणि रंग भरावा म्हणून खडा खोलही ठेवतो. परिणामी वरून लहान दिसणारा कुंझाइट वजनाला जास्त भरतो.

दुसरा विशेष म्हणजे त्याचा ठिसूळपणा. कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काठिण्याच्या मापावर हिरा १०, माणिक ९, तर कुंझाइट साडेसहा ते सात इतका असतो. पण खरा धोका आहे तो त्याच्या अंगच्या दुभंगण्याच्या प्रवृत्तीत. एकमेकांशी जवळजवळ काटकोन करणाऱ्या दोन दिशांनी तो सहज फुटतो. लाकडाची ढलपी जशी रेषेनुसार निघते, तसाच हा खडा एका नेमक्या ठोक्याने चिरतो.

तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा आहे. कुंझाइटचा रंग तीव्र प्रकाशात आणि उष्णतेत उडू शकतो. ज्या उजेडात रत्न मिरवावे, तोच उजेड या रत्नाचा वैरी आहे. पाश्चात्त्य देशांत त्याला सायंकाळी घालण्याचे रत्न म्हणतात ते याच कारणाने. तमिळनाडूच्या प्रखर उन्हाचा विचार केला, तर हा इशारा तेथे अधिकच लागू पडतो.

आता खरेदीचा विचार. या बाबतीत एक थोर आदर्श कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे. राजराज चोळाने हे मंदिर १०१० साली पुरे केले आणि देवाला अर्पण केलेल्या अलंकारांची यादी शिलालेखांत नोंदवली. त्या यादीत मोत्यांचे वाटोळी, वाटोळ्यासारखी, जुळी, ओबडधोबड असे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. हिऱ्यांपैकी कोणते डागाचे, कोणते चिरेचे, कोणावर तांबडे वा काळे ठिपके, हेही लिहून ठेवले आहे. सोन्याच्या वजनाला ‘आडवल्लान’ नावाचे माप, तर जडजवाहिराच्या वजनाला ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाचे दुसरे माप वापरल्याची नोंद आहे. दान देणारा सम्राट आणि घेणारा प्रत्यक्ष देव; तरीसुद्धा दोष झाकले नाहीत, आणि सोने व रत्न यांच्या मापांची गल्लत होऊ दिली नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकांनी जे पथ्य पाळले, तेच आजच्या ग्राहकाने आपल्या बिलात मागावे.

सोने आणि रत्न यांची गल्लत आजही होते, कारण दोहोंसाठी ‘कॅरट’ हा एकच शब्द वापरात आहे. सोन्याचा कॅरट ही शुद्धतेची खूण; २२ कॅरट म्हणजे २४ भागांपैकी २२ भाग सोने. रत्नाचा कॅरट हे वजन. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, पाच कॅरटांचा एक ग्रॅम. दागिन्यावरील हॉलमार्कची खूण केवळ धातूची ग्वाही देते. खडा खरा की खोटा याविषयी ती मौन पाळते. यास्तव बिलात सोन्याचे निव्वळ वजन वेगळे आणि खड्याचे नाव, वजन व किंमत वेगळी लिहून घ्यावी. खड्याचे वजन सोन्याच्या भावाने मोजले गेले, तर ग्राहक काचेलाही सोन्याची किंमत देऊन बसतो.

दक्षिणेकडील परंपरागत दागिन्यांत खडा बंद कोंदणात बसवतात आणि त्याखाली चकाकीसाठी पातळ डाक घालतात. त्या दागिन्यांची शोभा वादातीत आहे. पण अशा कोंदणात खड्याचा स्वतःचा रंग कोणता आणि खालच्या डाकेचा कोणता, हे समजणे दुर्घट होते. म्हणून कुंझाइट शक्यतो सुटा पाहूनच घ्यावा. दुकानातील दिव्यांच्या झगमगाटावर विसंबू नये. खडा पांढऱ्या कागदावर ठेवून दारातील सावलीच्या उजेडात पाहावा, मग दिव्याखाली पाहावा, आणि फिरवून दोन्ही दिशांनी पाहावा. सर्व बाजूंनी रंग अगदी सारखाच दिसला, तर संशय घ्यावा. कारण काच आणि गुलाबी स्पिनेल यांच्यात दिशेनुसार रंग पालटत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आत वाटोळे बुडबुडे दिसले, तर ती काच असण्याचा संभव फार. मोठ्या कुंझाइटमध्ये वरून पाहिले असता मागच्या पैलूंच्या कडा किंचित दुहेरी दिसतात. काचेत तसे होत नाही.

इतके केल्यानेही सर्व शंका फिटतात असे नाही. मॉर्गनाइट, गुलाबी तुरमळी आणि गुलाबी पुष्कराज ही रत्नेही अस्सल आहेत आणि रंगाने कुंझाइटला जवळची आहेत. त्यांचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. घनता आणि प्रकाशाचे वक्रीभवन मोजावे लागते. कुंझाइटची घनता पाण्याच्या सुमारे ३·१८ पट, तर गुलाबी स्फटिकाची २·६५ पट असते. ही परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा जयपूर, मुंबई इत्यादी ठिकाणी आहेत. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था १९७१ पासून हे कार्य करीत आहे. खडा मोलाचा असेल, तर अशा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागण्यात संकोच कसला? प्रामाणिक जवाहिऱ्या त्याने दुखावत नाही.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेलाही दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. काही फिक्या खड्यांवर किरणांचा आणि उष्णतेचा प्रयोग करून त्यांचा रंग गडद केला जातो. असा रंग निसर्गाचा की माणसाचा, हे ओळखणे कठीण असते. तेव्हा अतिशय गडद आणि अतिशय स्वस्त असा खडा पुढे आला, तर सावध व्हावे, आणि रंगावर प्रक्रिया केली आहे काय, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. कुंझाइटचे स्फटिक निसर्गात बरेच मोठे मिळतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ८८० कॅरटांचा पैलूदार कुंझाइट आहे. त्यामुळे केवळ आकार मोठा म्हणून दुर्मिळतेची किंमत देण्याचे कारण नाही. किंमत ठरते ती रंगाची गहिराई, आतील स्वच्छता आणि पैलूंचे कौशल्य यांवर.

खरेदीनंतरची निगा फारशी खर्चाची नाही, पण नेमाची आहे. हे रत्न अंगठीपेक्षा पदकात किंवा कर्णभूषणात अधिक सुरक्षित राहते, कारण हात दिवसातून शंभर ठिकाणी आपटतो. अंगठीच करावयाची असेल, तर खड्याच्या कडा सोन्याने वेढलेल्या असाव्यात. उन्हातल्या मिरवणुकीत, स्वयंपाकघरात चुलीपाशी आणि नदीस्नानाच्या वेळी तो अंगावर नसावा. घरी आल्यावर दागिना काढून मऊ कापडात गुंडाळावा आणि बंद डबीत, अंधारात ठेवावा. हिरे व माणके यांच्या संगतीत तो टाकू नये. ती कठीण रत्ने त्याला ओरखडे पाडतील.

धूळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसण्याची सवयही घातक ठरते. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा सातच्या आसपास, म्हणजे कुंझाइटइतका किंवा किंचित अधिक असतो. म्हणून आधी कोमट पाण्यात सौम्य साबण मिसळून धूळ भिजवून सोडवावी, मऊ कुंचल्याने हलकेच धुवावे आणि मग टिपून कोरडे करावे. वाफेच्या किंवा ध्वनिकंपनाच्या यंत्राने दागिने धुण्याची पद्धत सराफांकडे आहे. कुंझाइटचा दागिना त्या यंत्रात घालू देऊ नये. दागिन्याला डाग द्यावयाचा झाल्यास खडा आधी काढून ठेवण्यास सोनाराला बजावावे. भट्टीच्या झळेने तो तडकेल अथवा रंग गमावेल, आणि उडालेला रंग घरच्या कोणत्याही उपायाने परत येत नाही.

दागिना हा मध्यमवर्गीय कुटुंबात केवळ शोभेचा नसतो. मुलीच्या लग्नात तो दिला जातो, आजारपणात तो गहाण पडतो आणि वाटणीच्या वेळी त्याचे मोल पुन्हा ठरते. अशा प्रसंगी माणिक म्हणून जपलेला खडा दुसराच काही निघाला, तर पैशाबरोबर माणसांमधला विश्वासही जातो. म्हणून बिल, प्रमाणपत्र आणि निगेच्या चार ओळी डबीतच रत्नाबरोबर ठेवाव्यात. तंजावरच्या लेखनिकांनी डागाचा हिरा डागाचा म्हणूनच लिहिला, त्यामुळे देवाच्या वैभवाला उणेपणा आला नाही. कुंझाइटही कुंझाइट म्हणूनच घ्यावा आणि पुढल्या पिढीच्या हाती त्याच नावाने द्यावा. नवरत्नांत जागा नसली, तरी आपल्या खऱ्या नावाने शोभण्याइतके सौंदर्य त्याच्या ठायी निश्चित आहे.