दसऱ्याला मळावे, दिवाळीत भाजावे





गणपती उठले की शाळेत दिवाळीच्या आनंद मेळाव्याची चर्चा सुरू होते. या पानावर आम्ही एरवी निकाल, उपस्थिती किंवा शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी मात्र नानकटाईच्या पिठाविषयी लिहीत आहोत. मुख्याध्यापकांच्या पानावर हा विषय कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षीच्या मेळाव्यासाठी प्रत्येक वर्गाला एकेक पदार्थ वाटून दिला होता. एका वर्गाकडे नानकटाई होती. “नानकटाई घरी केलेली व ताजी असावी, मेळाव्याच्या दिवशी सकाळी आणावी” अशी सूचना आमच्याच सहीने घरोघरी गेली. त्या सकाळी एक मुलगा स्टीलचा डबा घेऊन आला. डब्यातील सगळी नानकटाई एकाच मापाची, एकाच ठशाची होती. बाईंनी सहज विचारले तेव्हा तो म्हणाला, “आईने केली.” नंतर कोपऱ्यात जाऊन रडू लागला. आई रुग्णालयात नोकरीला, त्या आठवड्यात रात्रपाळी. नानकटाई दुकानातून आणून घरच्या डब्यात भरली होती. त्याचे नाव किंवा वर्ग सांगण्याचे कारण नाही. सांगायचे एवढेच की मुलाला खोटे बोलावे लागले ते आमच्या सूचनेमुळे. मेळाव्याच्या उत्पन्नातून आपण काही मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवतो. एका मुलाला मदत करताना दुसऱ्याला खाली पाहायला लावणे बरोबर नाही.

त्यानंतर आम्ही विचार केला की “ताजी” म्हणजे नेमके काय? नानकटाईचा ताजेपणा भाजण्यात असतो, मळण्यात नसतो. आज भट्टीतून निघालेली नानकटाई ताजीच, मग तिचे पीठ तीन आठवड्यांपूर्वीचे का असेना. मात्र ते पीठ नीट गोठवून ठेवलेले हवे. हे एकदा लक्षात आले की कामाचे दोन भाग होतात. मळण्याचे काम सवडीने, चार हातांनी, एखाद्या रविवारी करता येते. भाजण्याचे काम अर्ध्या तासाचे असते आणि ते ऐनवेळी होते.

हा विचार तसा नवा नाही. आमच्या लहानपणी इंदुरात दिवाळीपूर्वी घरचे तूप, साखर आणि मैदा डब्यांत भरून मोहल्ल्यातल्या बेकरीच्या भट्टीवर नेत असू. सामान घरचे, आग भट्टीची. तेव्हाही काम दोन ठिकाणी वाटलेले होते. आता घरोघरी फ्रिज आल्यामुळे ते दोन वेळांतही वाटता येते.

पीठ टिकते कसे?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे विज्ञानाचे शब्द आजही आधी हिंदीत आठवतात. तरी सोपे करून सांगतो.

पदार्थ बिघडतो तो मुख्यतः जंतूंमुळे, आणि जंतूंना वाढण्यासाठी पाणी व ऊब लागते. नानकटाईच्या पिठात पाणी जवळजवळ नसतेच. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, पण लोणी कढवून तूप केले की ते निघून जाते. म्हणून तुपातले पीठ गोठवले तरी त्यात बर्फाचे मोठे खडे होत नाहीत आणि पोत बिघडत नाही. शिवाय उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते. येथे एक गोष्ट मुलांनी लक्षात ठेवावी: थंडीने जंतू मरतात असे नाही, ते नुसते थांबतात. पीठ बाहेर येऊन कोमट झाले की ते पुन्हा कामाला लागतात.

थंडीचा आणखी एक फायदा आहे. तूप घट्ट असले की ओव्हनमध्ये ते उशिरा वितळते. तोपर्यंत कडा धरू लागतात आणि नानकटाई पसरून चपटी होत नाही. दुपारच्या उबेत मळून लगेच भाजलेली नानकटाई कधी कधी पापडासारखी पसरते, ते यामुळेच.

साहित्य आणि कृती

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, साजूक तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची व जायफळाची पूड. एवढ्यात २० ग्रॅमच्या २५-२६ नानकटाया होतात.

तूप थिजलेले घ्यावे, पातळ केलेले नको. तूप आणि पिठीसाखर पाच-सात मिनिटे, रंग पांढुरका होऊन हलके होईपर्यंत फेटावे. मैदा, बेसन आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यावे आणि रवा, मीठ व पूड यांसह त्यात मिसळावे. “मळावे” असे आम्ही म्हणतो खरे, पण पोळीच्या कणकेसारखे तिंबायचे नाही. गोळा होईल इतपतच हात लावावा, कारण हाताच्या उबेने तूप सुटते. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप घालावे, पाणी किंवा दूध घालू नये.

पुष्कळ घरांत नानकटाईत दही आणि सोडा घालतात. लगेच भाजायची असेल तर ते उत्तम. पण पीठ ठेवायचे असेल तर दही-सोडा टाळावा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटू लागतो. तीन आठवड्यांनी भाजायच्या वेळी फुगवायला काही उरत नाही. बेकिंग पावडर कोरड्या पिठात बरीचशी शांत राहते आणि उष्णता मिळाल्यावर काम करते.

गोठवावे कसे?

लहान लिंबाएवढे गोळे करून तळहाताने किंचित दाबावेत. पिस्ते किंवा चारोळी लावायची ती आताच लावावी; गोठल्यावर चिकटत नाही. ताटलीत बटर पेपर घालून गोळे एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत आणि ताटली दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावी. गोळे दगडासारखे झाले की जाड पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. आधी सुटे गोठवल्यामुळे ते डब्यात चिकटत नाहीत आणि पाहुणे आले तर पाचच काढून भाजता येतात. पिशवीतील हवा दाबून काढावी, कारण हवेने गोळ्यांचा वरचा थर कोरडा पडतो. चिठ्ठी लावून तीवर तारीख आणि संख्या लिहावी. चिठ्ठीशिवाय ठेवलेली पिशवी महिन्याभराने कोणालाच ओळखू येत नाही.

हे पीठ फ्रीझरमध्ये दोन महिने चांगले राहते. खालच्या कप्प्यात, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, तीन-चार दिवसच ठेवावे. जुन्या एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यात पुरेशी थंडी असतेच असे नाही. त्यात आइस्क्रीम ठेवून पाहावे. ते दगडासारखे घट्ट राहिले तर ठीक. मऊ राहत असेल तर पीठ दोन आठवड्यांत वापरून टाकावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद दारामागे थंडी बराच वेळ टिकते.

भाजावे कसे?

ओव्हन १७० अंशांवर आधी तापवून घ्यावा. गोठलेले गोळे तसेच, दोन-दोन बोटांचे अंतर ठेवून मांडावेत. २० ते २५ मिनिटे लागतात. न गोठवलेल्या पिठापेक्षा तीन-चार मिनिटे जास्त. कडा आणि तळ सोनेरी झाले की काढावे. गरम असताना नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये. दहा मिनिटे तशीच राहू द्यावी, मग ती खुसखुशीत होते. वर भेगा पडल्या तर पडू द्याव्यात, नानकटाईला त्या शोभतात.

ओव्हन नसेल तर कुकर चालतो. शिटी आणि रबर काढून तळाला मिठाचा थर द्यावा, वर जाळी ठेवावी, मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे आणि मग मंद आचेवर सुमारे २५ मिनिटे भाजावे. कुकरसाठी गोळे अर्धा तास आधी बाहेर काढावेत, पण पिशवी बंदच ठेवावी. थंड पेल्याबाहेर पाण्याचे थेंब जमतात ते मुलांनी विज्ञानात शिकलेले संघनन. पिशवी बंद असली की ते थेंब पिशवीवर जमतात. उघडी असली की पिठावर.

आमच्या चुका

लिहिण्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हे घरी करून पाहिले. पहिल्या घाण्यात सवयीने दही-सोडा घातला. नानकटाई बसकी झाली. दुसऱ्या घाण्याचा डबा लसणाच्या चटणीशेजारी उघडा राहिला. तूप वास पटकन ओढून घेते, त्यामुळे वेलचीच्या नानकटाईला लसणाचा वास आला आणि घरात बरेच दिवस आमची थट्टा झाली. तिसरा घाणा जमला. वर दिलेली कृती त्याच घाण्याची आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी. कच्चे पीठ चाखू नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. मैदा हा कच्चाच असतो आणि कच्च्या मैद्यातही आजार करणारे जंतू असू शकतात. ते भाजल्यावरच मरतात. नाताळच्या सुट्टीत कोणी अंडे घालून कुकीज करीत असेल तर ही काळजी अधिक घ्यावी. एकदा बाहेर काढून मऊ झालेले पीठ पुन्हा गोठवू नये.

हाच नियम फराळाच्या इतर पदार्थांना लावता येईल का, असे काही जणी विचारतील. त्यासाठी पिठात पाणी किती आहे ते पाहावे. चकलीच्या भिजवलेल्या पिठात पाणी भरपूर, म्हणून ते गोठवू नये. भाजणी मात्र आधी दळून कोरडी ठेवता येते. करंजीचे सारण आधी करून ठेवावे, पण भरलेली करंजी गोठवून सरळ तेलात सोडू नये; बर्फ आणि तापलेले तेल एकत्र आले की तेल अंगावर उडते.

या वर्षीची योजना

दसरा आणि लक्ष्मीपूजन यांत साधारण वीस दिवस असतात. गोठवलेल्या पिठाला ते सहज सोसतात. म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत शाळेच्या स्वयंपाकघरात सर्वांनी मिळून पीठ करावे, असे ठरवत आहोत. ज्यांना त्या दिवशी येणे शक्य असेल त्यांनी यावे. आईच आली पाहिजे असे नाही. वडील, आजी-आजोबा, मोठी भावंडे, सगळ्यांचे स्वागत आहे. वजन करणे, गोळे वळणे, चिठ्ठ्या लिहिणे ही कामे मुले करतील. २० ग्रॅमचे २६ गोळे म्हणजे किती, हे गणित त्यांना फळ्यापेक्षा तेथे लवकर कळेल. ज्यांना येता येणार नाही त्यांच्या मुलांनी एकट्याने यावे. चिठ्ठीवर वर्ग आणि तारीख राहील, कोणाचेही नाव राहणार नाही. मेळाव्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या ओव्हनमध्ये सर्व नानकटाई एकत्र भाजली जाईल.

विश्वस्त मंडळास विनंती की दसऱ्यापासून मेळाव्यापर्यंत उपाहारगृहातील डीप फ्रीझरचा एक कप्पा यासाठी मोकळा करून द्यावा. फार खर्चाची मागणी नाही.

गेल्या वर्षीची ती सूचना आम्ही मागे घेत आहोत. या वर्षी “घरी केलेली” हे शब्द सूचनेत नसतील. नानकटाई शाळेत, सगळ्यांच्या हातची असेल. कोणी विचारले “कोणी केली?”, तर प्रत्येक मुलाला खरे उत्तर देता येईल: “आम्ही केली.”

आपणा सर्वांना दसरा आणि दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.

आपले,
मुख्याध्यापक