कामावर शिकलेली विद्या : संकेतस्थळांची घडण

जालना शहराची कीर्ति दोन मालांमुळें दूरवर पसरली आहे : बियाणें आणि लोखंडी सळया. या दोन्ही धंद्यांत पुष्कळशी विद्या शाळेबाहेर मिळविलेली आहे. भट्टीपाशीं उभा असलेला कारागीर तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याचा ताव ओळखतो. ती ओळख त्याला कोणत्याही पाठशाळेनें दिलेली नसते. बद्रीनारायण बारवाले यांच्यापाशीं शेतकीशास्त्राची पदवी नव्हती. भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाचें बीजोत्पादन करतां करतां ते बीजाचा व्यवसाय शिकले, १९६४ सालीं त्यांनीं 'महिको' ही कंपनी स्थापिली आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हां याच जिल्ह्यांतील एखादा तरुण संकेतस्थळें घडविण्याची विद्या, म्हणजे ज्यास हल्लीं वेब डेव्हलपमेंट म्हणतात ती, वर्गांत न बसतां कामावरच शिकूं लागला तर त्यांत नवल नाहीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, ही वाट त्याला कोठवर नेते आणि कोठें फसविते.

संकेतस्थळ म्हणजे सर्व्हर नांवाच्या दूरच्या संगणकावर ठेवलेल्या कांहीं फाइली. वाचकानें आपल्या फोनवर पत्ता दिला कीं त्या त्याच्याकडे येतात आणि ब्राउझर त्यांवरून पान रचतो. पानाचा सांगाडा एच.टी.एम.एल. या खुणांच्या भाषेंत लिहिलेला असतो, त्याचा वेष सी.एस.एस.मध्यें आणि त्याच्या हालचाली जावास्क्रिप्टमध्यें. टिम बर्नर्स-ली यांनीं ही योजना १९८९ सालीं जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेंत मांडली. त्यांची स्वतःची ऑक्सफर्डची पदवी होती पदार्थविज्ञानाची! १९९३ च्या एप्रिलांत 'सर्न'नें ही सर्व विद्या जगास विनामूल्य खुली केली. पहिल्या पिढीचे कारागीर कामावरच तयार झाले, कारण त्या वेळीं तिची शाळाच नव्हती.

शिवाय या विद्येचा एक विशेष असा कीं, ब्राउझरांत आलेल्या कोणत्याही पानाचा मूळ मजकूर एका आज्ञेसरशी उघडून वाचतां येतो. हलवायानें मिठाईबरोबर तिची कृतिही पुडींत बांधून द्यावी, तसा हा प्रकार आहे. मात्र सर्व्हरवर आंत काय चाललें आहे तें त्या पुडींत नसतें. भटारखान्याचें दार बंदच राहतें, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतील कचेरींत हें शिक्षण बहुधा असें सुरू होतें. कंपनीचें संकेतस्थळ पूर्वीं पुण्याच्या किंवा मुंबईच्या कोणाकडून तरी करून घेतलेलें असतें. पुढें दूरध्वनीचा क्रमांक बदलतो, नवा माल येतो. दर खेपेस बाहेरच्या माणसास पैसे कोण देणार? मग हिशेब लिहिणारा जो तरुण 'संगणकांतलें समजणारा' म्हणून ओळखला जातो, त्याच्या गळ्यांत हें काम पडतें. २००१ पासून महाराष्ट्रांत चाललेला एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम त्यानें बहुधा पुरा केलेला असतो. परंतु त्याचा रोख संगणक वापरण्यावर आहे, संकेतस्थळ घडविण्यावर नाहीं.

पहिल्या दिवशीं तो एक क्रमांक बदलतो आणि पान मोडलें नाहीं यांतच समाधान मानतो. आठवड्यानें एक खूण बंद करावयाची राहून जाते आणि तेथून खालचें सारें पान ठळक अक्षरांत दिसूं लागतें. उघडलेली खूण बंद करावी लागते, हा नियम त्यानें पुस्तकांत वाचला असता तर तो परीक्षेपर्यंत टिकला असता. मालकाच्या देखत पान बिघडल्यानें तो जन्मभर टिकतो.

इंग्रजीची अडचण मात्र वाटते तशी नाहीं. एच.टी.एम.एल.च्या खुणा शंभराच्या आसपास, आणि रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस. मराठी शाळेंत शिकलेल्यास त्या महिन्याभरांत पाठ होतात. खरी अडचण आहे ती त्यांवरील विवेचन वाचण्याची, कारण तें बहुतेक इंग्रजींतच आहे. त्यामुळें मंठ्याहून किंवा घनसावंगीहून आलेला तरुण व्हिडिओ पाहून हातानें करावयास लवकर शिकतो, पण 'असें कां' या प्रश्नापाशीं अडतो.

शेजारच्या बीड जिल्ह्यांतील दादासाहेब भगत यांचें उदाहरण वृत्तपत्रांमुळें पुष्कळांच्या परिचयाचें आहे. आय.टी.आय. झाल्यावर ते पुण्यास इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहांत किरकोळ कामें करीत. संगणकावर काम करणारांस पाहून ते अॅनिमेशन शिकले. पुढें हैदराबादेस नोकरी करीत असतां, त्याच त्या रचना पुन्हां पुन्हां कराव्या लागतात हें त्यांच्या ध्यानांत आलें. आणि तयार नमुन्यांचा एक संग्रहच असावा, या गरजेपोटीं त्यांनीं पायथन व सी प्लस प्लस या भाषांना हात घातला. कोरोनाच्या टाळेबंदींत गांवीं परतल्यावर गुरांच्या गोठ्यांत मांडणी करून त्यांनीं आपलें काम पुढें चालविलें. 'डूग्राफिक्स' हें त्यांचें साधन त्यांतूनच वाढलें.

आतां फसवणुकीची जागा. संकेतस्थळावर ग्राहकानें नांव, फोन व मागणी लिहावी म्हणून एक अर्ज ठेवतात, आणि तो मजकूर सर्व्हरवरील डेटाबेसांत जातो. समजा, कचेरींत एक असा आज्ञाधारक शिपाई आहे कीं, हातीं आलेली चिठ्ठी तो वाचतो आणि तींत हुकूम आढळल्यास तोही पाळतो. नांवाच्या जागीं कोणी 'तिजोरी उघड' असें लिहिलें तर काय होईल? निष्काळजीपणानें केलेल्या अर्जांत हुबेहूब हेंच घडतें. 'एस.क्यू.एल. इंजेक्शन' या नांवाचा हा दोष १९९८ पासून जाहीर आहे. उपायही साधा आहे : ग्राहकाचा मजकूर आणि डेटाबेसास द्यावयाचा हुकूम हीं दोन्हीं वेगवेगळीं पाठवावयाचीं. पण उतरवून घेतलेला सदोष अर्जही उत्तम चालतो! शेंकडों शेतकऱ्यांचीं नांवें व फोन परक्याच्या हातीं जाईपर्यंत कोणास कांहीं कळत नाहीं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून यंत्रें असा मजकूर क्षणांत लिहून देतात. तो निर्धोक आहे कीं नाहीं हें ओळखणारा डोळा शिकाऊ माणसास त्यांबरोबर मिळत नाहीं.

दुसरें उदाहरण खास मराठीचें आहे. प्रारंभीच्या काळांत कित्येक मराठी संकेतस्थळें स्वतःचे फाँट वापरीत. फाइलींत असत इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. तो फाँट ज्याच्यापाशीं नसे त्यास निव्वळ गचाळ अक्षरें दिसत, आणि शोधयंत्रास तर तें मराठी आहे याचा पत्ताही लागत नसे. १९९१ सालच्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस तिचे स्वतंत्र संकेत मिळाले होते, तरी छापखान्यांतील जुन्या फाँटांची संवय पुढें पुष्कळ वर्षें सुटली नाहीं. आजही जाहिरातीसाठीं तशा फाँटांत टंकलेला मजकूर नवशिका जसाच्या तसा पानावर चिकटवितो. त्याच्या संगणकावर तो फाँट असल्यानें त्याला सारें शुद्धच दिसतें.

या दोन्हीं चुकांचें मूळ शाळा नसण्यांत आहे, असें म्हणतां येत नाहीं. भट्टीवरचा पोरही शाळेंत गेलेला नसतो. पण त्याच्या शेजारीं मिस्त्री उभा असतो आणि तो वेळींच हात धरतो. पुण्याच्या मोठ्या कंपनींत असा मिस्त्री शेजारच्या खुर्चीवर बसलेला आढळतो. नवशिक्यानें लिहिलेली ओळ दुसऱ्यानें वाचल्यावांचून सर्व्हरवर चढत नाहीं. जालन्याच्या कचेरींतला तरुण एकटा असतो, आणि मालकास पान चाललें म्हणजे पुरे.

त्याला मिस्त्री दुरून मिळूं शकतो. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं 'गिट' हें साधन लिहिलें. त्यांत प्रत्येक बदलाची नोंद राहते, जुनी प्रत केव्हांही परत आणतां येते, आणि दूरच्या लोकांनीं केलेले बदल एकत्र जुळवितां येतात. अनेक मुक्त प्रकल्पांत कोणीही दुरुस्ती पाठवावी आणि अनुभवी लोकांनीं ती ओळीनिशीं तपासावी, अशी रीत आहे. पहिली दुरुस्ती बहुधा टिपांसह परत येते. त्या टिपांत नेमकें 'असें कां' याचें उत्तर असतें, आणि तें स्वतःच्याच ओळीविषयीं असल्यामुळें मोडकें इंग्रजी येणाऱ्यासही उमगतें. अशा पुष्कळ प्रकल्पांना मराठी भाषांतर करणारीं माणसें लागतात. चुकीचा शब्द, तुटलेलें जोडाक्षर यांपासून सुरुवात करणाऱ्यास पहिल्या महिन्यांत प्रोग्रामची एकही ओळ लिहावी लागत नाहीं, पण दुरुस्ती पाठविण्याची व तपासून घेण्याची सारी रीत हातीं येते.