गाडी केव्हा कुरकुरते?

कवितेत मात्रा चुकली, तर बोटांवर मोजण्याआधी ती कानाला कळते. हाच कान मोटारीच्याही कामी येतो, हे मला मात्र पन्नाशी उलटल्यावर कळलं.

त्याचं असं झालं. माझा भाचा नोकरीसाठी आखातात गेला आणि जाताना आपली जुनी एसयूव्ही माझ्या कामोठ्याच्या घरी ठेवून गेला. गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे गरज पडेल तेव्हा चारही चाकांना जोर देणारी. तिला काम एकच. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, महिन्यातून दोनदा म्हसळ्याहून इथे दवाखान्यात आणायचं. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी कुरकुरू लागली. सोसायटीच्या आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागून 'घर्रर्र' असा आवाज यायचा आणि सीटला थरथर जाणवायची.

एका गॅरेजमध्ये दाखवली. "मागचा डिफरन्शियल गेला. बदलावा लागेल. 1 लाख 10 हजार." भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, करून टाका. अम्मीचं येणं थांबायला नको." परमुलखात राबून मिळवलेले त्याचे पैसे मी एका वाक्यावर मोजून द्यायचे? त्या रात्री झोप लागली नाही.

आमच्या शेजारी कळंबोली. तिथे लोखंडाचा बाजार, त्यामुळे ट्रक-ट्रेलरांची सतत ये-जा. त्या भागातल्या एका जुन्या उस्तादाकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "शायरसाहेब, आवाज कुठून येतो ते राहू द्या. केव्हा येतो ते सांगा."

मंडळी, या एका प्रश्नात सारं आलं. गाडीचा सांगाडा पोलादी. पोलादातून आवाज कुठच्या कुठे जातो. पुढच्या चाकाची गुणगुण मागच्या सीटखाली ऐकू येते. जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून लांब प्रोपेलर शाफ्टवर जातो, तिथून डिफरन्शियलकडे, मग एक्सलवाटे चाकाकडे. या वाटेवरचा प्रत्येक भाग आपापल्या वेळी बोलतो.

गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे, अॅक्सिलरेटर दाबला आणि आवाज आला, तर चाकांकडे जाणाऱ्या वाटेवर संशय घेऊ नका, इंजिनाच्या बाजूला पाहा. चालत्या गाडीचा वेग वाढेल तशी गुणगुण वाढते, आणि लांब उजव्या वळणावर ती आणखी चढते, तर डाव्या चाकाचं बेअरिंग तपासा, कारण उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. अॅक्सिलरेटर दाबला की बारीक सूर, सोडला की वेगळा सूर, तर डिफरन्शियलच्या दातांकडे लक्ष द्या. पूर्ण वळणावर जोर देताना 'टक-टक-टक' वाजलं, तर एक्सलचा जॉइंट. त्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. गिअर टाकून गाडी सुटताना एकदाच 'टक्' झालं, तर बहुधा शाफ्टचा क्रॉस.

आपल्याकडे चारही चाकांच्या जोराची ओळख जीपने करून दिली. 1945 साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने सुरू झालेली कंपनी 1948 मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झाली, आणि तिने मुंबईत विलीज जीपची जोडणी केली. त्या जीपला वेगळा दांडा असे. चिखलात तो ओढायचा, कोरड्या रस्त्यावर सोडायचा. न सोडता वळलात, तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडत आणि गाडी अडखळे. आमच्या गाडीत दांडा नाही. मागच्या डिफरन्शियलला जोडलेलं एक कपलिंग ते काम आपोआप करतं. त्याच्या आत तेलात बुडालेल्या चकत्या असतात.

आता उस्तादांनी शिंप्याची टेप काढली आणि चारही टायरांचा घेर मोजला. मागच्या टायरांचा घेर पुढच्यांपेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर जास्त भरला. मला लाजल्यासारखं झालं. पैसे वाचवायला मागचे दोनच टायर नवे घातले होते, तेही मीच. पुढचे पाच मिलिमीटर झिजलेले. पाच मिलिमीटर म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. हिशेब करा. सव्वादोन मीटर घेराच्या टायरला ही झीज म्हणजे दर किलोमीटरला सुमारे सहा फेऱ्यांचा फरक. तो कपलिंगच्या चकत्यांनी घासत घासत सोसायचा. तेल तापतं, खराब होतं आणि वळताना चकत्या थरथरतात. ती आमची घर्रर्र.

तेल सोडलं. काळं, जळका वास. पण नटाच्या लोहचुंबकावर फक्त बारीक करडा लेप होता. दातांचे तुकडे निघाले असते, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. गाडी बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या प्रतीचं तेल भरलं आणि पुढे दोन नवे टायर घातले. बिल 19 हजार 600. त्यातलं तेलाचं काम 2 हजार 800, बाकीची माझ्या काटकसरीची किंमत.

प्रत्येक आवाज असा स्वस्तात सुटत नाही. तेल आणि रबरी बूट हे लहान खर्च, क्रॉस आणि बेअरिंग मधले, डिफरन्शियल आणि गिअरबॉक्स मोठे. पण लहान खर्च टाळला की तोच मोठ्याच्या घरी नेऊन पोहोचवतो. बूट फाटला की जॉइंटमध्ये चिखल जातो. साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि डिफरन्शियलचं तेल दुधाळ झालं, तर तेव्हाच बदलावं. बेअरिंगची गुणगुण तर पुढे ढकलूच नये, तिथे प्रश्न पैशांचा नसून चाकाचा आणि जिवाचा असतो.

गॅरेजला जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या वळणाला, जोर देताना की सोडताना, आणि अलीकडे गाडीत काय बदललं. मोठा भाग बदलायचा म्हणाले, तर काय पाहून ठरवलं ते विचारा, अंदाजपत्रक लेखी घ्या आणि जुना भाग परत मागा. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही.

पुढच्या खेपेला बहिणीला आणलं. सोसायटीच्या फाटकात मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि कान टवकारले. ती म्हणाली, "आज गप्प का रे?" मला वाटलं, गाडीबद्दल विचारतेय. ती माझ्याबद्दल विचारत होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)