उत्तर कॅनडातील गावे आणि त्यांचे दर्जे

भूगोलाच्या तासाला कॅनडाचा नकाशा भिंतीवर लावला म्हणजे साठाव्या अक्षांशाच्या उत्तरेकडील विस्तीर्ण भाग मुलांना जवळजवळ रिकामा दिसतो. त्यातील नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश क्षेत्रफळाने सुमारे साडेतेरा लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन-पंचमांशांएवढा आहे. आणि 2021 च्या शिरगणतीत तेथील सारी माणसे अवघी 41,070 भरली. ती 33 वस्त्यांत राहतात. एवढ्या थोड्या लोकांना नगरपालिका कशाला हवी, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर तेथील भूमीतच आहे. बऱ्याच भागात जमीन बारमास गोठलेली असल्याने नळ पुरता येत नाहीत. बहुतेक लहान गावांत पाण्याची टाकी वाहणारी मोटार घरोघर फिरते आणि सांडपाणी उपसून नेणारी दुसरी मोटार तिच्यामागून येते. कडाक्याच्या हिवाळ्यात या फेऱ्यांत खंड पडला, तर घरात राहणे अशक्य होते. ही व्यवस्था पाहणारी, लोकांनी निवडलेली संस्था तेथे चैनीची बाब नव्हे.

कॅनडात प्रांत आणि टेरिटरी यांत भेद आहे. प्रांतांचे अधिकार राज्यघटनेतून आलेले असतात, तर टेरिटरीचे अधिकार मध्यवर्ती संसदेच्या कायद्याने दिलेले असतात. 1967 पर्यंत या प्रदेशाचा कारभार दूरच्या ओटावाहून चाले. त्या वर्षी यलोनाइफ ही राजधानी झाली. नगरपालिका ही मात्र टेरिटरीच्या कायद्याची निर्मिती होय. संबंधित खात्याच्या मंत्र्यांच्या आदेशाने ती स्थापन होते आणि तिचा दर्जाही तसाच बदलतो.

हे दर्जे चढत्या क्रमाने हॅम्लेट म्हणजे वाडी, व्हिलेज म्हणजे खेडे, टाऊन म्हणजे शहर आणि सिटी म्हणजे मोठे नगर असे आहेत. येथे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. लोकसंख्या पाहून नगरपालिकांचे वर्ग पाडण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे; तेथील कायदा माणसे मोजीत नाही, मालमत्ता मोजतो. करआकारणीसाठी ठरविलेले मालमत्तेचे एकूण मूल्य 1 कोटी डॉलरांच्या वर असेल तर व्हिलेज, 5 कोटींच्या वर असेल तर टाऊन आणि 20 कोटींच्या वर असेल तर सिटी, अशी ही मोजपट्टी आहे. हॅम्लेटला अशी अट नाही.

याचे परिणाम मोठे चमत्कारिक दिसतात. मॅकेंझी नदीच्या काठी नॉर्मन वेल्स येथे 1920 मध्ये खनिज तेल लागले आणि 1985 मध्ये तेथून दक्षिणेकडे तेलवाहिनी गेली. 2021 मध्ये या गावी 673 माणसे होती, तरी ते टाऊन आहे. उत्तर समुद्रकाठच्या टुक्टोयाक्टुक गावी त्याच वर्षी 937 माणसे होती. पण ते हॅम्लेट. कारण उघड आहे. पहिल्या गावात तेलाचा उद्योग कर भरतो. दुसऱ्यात करपात्र असे फारसे काही नाही. अर्थात जो दर्जा विहिरींच्या बळावर मिळाला, त्याचा आधारही विहिरींइतकाच टिकाऊ समजावा.

दर्जाचा खरा अर्थ कर बसविण्याच्या अधिकारात आहे. यलोनाइफ ही एकमेव सिटी (1970 पासून), हे रिव्हर, फोर्ट स्मिथ, इनुविक व नॉर्मन वेल्स ही चार टाऊन आणि फोर्ट सिम्प्सन हे एकमेव व्हिलेज, अशा सहाच संस्था मालमत्ताकर स्वतः बसवितात. उरलेल्या भागात तो टेरिटरीचे सरकार घेते आणि गावांना अनुदान देते. हॅम्लेटलाही निवडलेले मंडळ व महापौर असतात. खजिना मात्र बहुतांशी परावलंबी. टुक्टोयाक्टुकचा किनारा समुद्र खात चालला आहे व काठावरील काही घरे आत हलवावी लागली आहेत. एवढा भार स्थानिक करातून उचलणे हजार माणसांच्या गावाला शक्य नाही, हे सांगणे नलगे.

ही शिडी बाहेरून आलेल्या कल्पनेची आहे, हेही नमूद केले पाहिजे. डेने लोकांच्या वस्त्यांत पूर्वीपासून त्यांचे प्रमुख व त्यांची मंडळे आहेत. त्यांच्याशेजारी नगरपालिका उभी केली म्हणजे एका लहान गावात दोन सत्ता होतात आणि पाण्याच्या मोटारीपासून जमिनीपर्यंत कोणाचे चालावे, हा तंटा उभा राहतो. काही गावांनी स्वतःची सनद करून दोन्ही मंडळे एकत्र आणली. त्लिचो लोकांचा करार 4 ऑगस्ट 2005 रोजी अमलात आला, तेव्हा त्यांची चार गावे या शिडीवरून उतरून निराळ्या वर्गात गेली. तेथे गावाचा प्रमुख त्लिचो असावा लागतो, पण इतर रहिवाशांनाही मंडळात जागा आहे. ग्रेट बेअर सरोवराकाठच्या डेलिने गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. 1 सप्टेंबर 2016 रोजी तेथील सनदी नगरपालिका आणि डेने मंडळ ही दोन्ही विसर्जित होऊन त्यांच्या जागी एकच शासन आले. पाणी व रस्ते आता तेच पाहते, आणि भाषा व शिक्षण यांविषयी कायदे करण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे.