साठीनंतरचा श्रवणाभ्यास

‘डॉक्टर, बाकी सारे ठीक आहे, पण दुपार सरत नाही.’ रक्तदाब आटोक्यात, साखर आटोक्यात, आणि तरीही ही तक्रार. ज्येष्ठांच्या तोंडून ती दवाखान्यात वारंवार ऐकू येते. कोणत्याही तपासणीच्या अहवालात ती उमटत नाही आणि तिच्यावर गोळीही नाही. रिकामी दुपार पुढे उदासीनतेला आणि एकटेपणाला वाट करून देते, म्हणून ती किरकोळ मानू नये. आज अशा दुपारींसाठी एक उपाय सुचवतो : आपल्याला अपरिचित असलेले संगीत, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ, घरबसल्या आणि विनामूल्य शिकणे. वाजवायला नव्हे, ऐकायला.

ओळखीचे आणि अनोळखी

ओळखीचे नाट्यगीत किंवा अभंग कानी पडला की मन निवते, आठवणी जाग्या होतात. हे सुख हवेच. अनोळखी संगीत मात्र मेंदूला कामाला लावते. आत्ता ऐकलेली सुरावट लक्षात ठेवायची, ती पुन्हा आली की ओळखायची, पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. लक्ष, स्मृती आणि अपेक्षा या तिन्हींचा तो व्यायाम असतो.

मात्र यातून वाजवीपेक्षा अधिक आशा बाळगू नये. २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु तेथे वाद्य वाजवण्याचा विचार झाला होता, केवळ ऐकण्याचा नव्हे. शिवाय अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून संगीत शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे मी म्हणणार नाही. दिवसाला आकार येतो, कुतूहल जागे राहते आणि नातवंडांशी बोलायला नवा विषय मिळतो, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

आरंभ कोठून करावा?

अमेरिकेतील येल विद्यापीठाने प्राध्यापक क्रेग राइट यांची ‘लिसनिंग टू म्युझिक’ ही २३ व्याख्यानांची माला सर्वांसाठी खुली केली आहे. २००८ साली वर्गात चित्रित झालेली ही व्याख्याने यूट्यूबवरही पाहता येतात. शुल्क नाही, परीक्षा नाही, पूर्वज्ञानाची अट नाही. आरंभी लय, सुरावट आणि स्वरमेळ यांची ओळख होते. मग रचनांचे प्रकार येतात, आणि पुढे मध्ययुगीन चर्चमधील गायनापासून विसाव्या शतकापर्यंतचा प्रवास घडतो. व्याख्याने इंग्रजीत आहेत. उच्चार समजण्यास अवघड वाटल्यास पडद्यावरील उपशीर्षके सुरू करावीत आणि वेग थोडा कमी करावा. एक व्याख्यान एका बैठकीत संपवण्याचा आग्रह नको. पंचवीस मिनिटांनी उठावे, चार पावले चालावे, उरलेले दुसऱ्या दिवशी ऐकावे.

सोबत एक छोटा गृहपाठ. बेथोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम सादर झाली. तिचा पहिला भाग लावा. आरंभीच चार स्वर येतात : तीन आखूड, एक दीर्घ. हा आकृतिबंध पुन्हा जेथे ऐकू येईल तेथे बोट उचला. तो कधी वर चढतो, कधी कुजबुजतो, कधी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातो. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आपण अधिक वेळा बोट उचलत आहोत, हे आपल्याच ध्यानात येईल.

जॅझ तितका परका नाही

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरात आफ्रिकी-अमेरिकी वादकांच्या हातून जॅझ आकाराला आला. बहुधा आधी मूळ धून वाजते. मग तिच्याच चौकटीत एकेक वादक उत्स्फूर्त विस्तार करतो आणि शेवटी सारे मूळ धुनेकडे परततात. आवर्तन मोजत समेची वाट पाहणाऱ्या आपल्या कानाला ही घडण लवकर उमगते. डेव्ह ब्रुबेक चौकडीचे १९५९ सालचे ‘टेक फाइव्ह’ ऐका. त्यात तीन-दोन अशी पाच मात्रांची चाल आहे. झपतालातील दोन-तीनची सवय असलेल्यांना हाताने ताल धरता येईल.

आणि ‘अलबेला’ आठवतो ना? १९५१ सालच्या त्या चित्रपटाला सी. रामचंद्र यांचे संगीत होते. त्यांना साहाय्य करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे मूळचे गोव्याचे आंतोनियो शावियेर वाझ, मुंबईतील नावाजलेले जॅझ कलावंत होते. त्यांचा वाद्यवृंद त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले अनेक गोमंतकीय वादक त्या काळी हॉटेलांतून जॅझ वाजवत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही बसत. म्हणजे आपण तरुणपणी जॅझ ऐकलेलाच आहे. फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

आधी कान तपासावेत

* दूरचित्रवाणीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल किंवा बोलणे ऐकू येऊनही शब्द कळत नसतील, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष करणे हा स्मृतिभ्रंशाचा एक टाळता येण्याजोगा धोका मानला जातो.
* श्रवणयंत्र प्रामुख्याने बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते. त्यातून संगीत बेसूर वाटू शकते. संगीतासाठी वेगळी जुळणी शक्य आहे का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारावे.
* आवाज बेताचा ठेवावा. शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नसेल, तर तो जास्त आहे.
* एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.
* विनामूल्य शिक्षणासाठी बँकेचा तपशील किंवा ओटीपी कोणी मागितल्यास देऊ नये. प्रमाणपत्राची आपल्याला गरज नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवे संगीत शिकवू पाहू नये. त्याला त्याच्या तरुणपणीची गाणीच सोबत करतात. नवा अभ्यास आहे तो तुमच्यासाठी. पक्षाघात झालेल्या पतीची कित्येक वर्षे सेवा करणाऱ्या एक बाई, ते दुपारी झोपले की अर्धे व्याख्यान ऐकतात. त्या मला म्हणाल्या, ‘तेवढा वेळ मी कुणाची नर्स नसते, विद्यार्थिनी असते.’ सेवा करणाऱ्याचे मन थकले की सेवाही थकते. म्हणून ही अर्धी घटका चैन समजू नका.

आज एक वही काढा. तारीख घाला, काय ऐकले ते लिहा, आणि काय कळले नाही तेही लिहा. न कळलेले उद्या पुन्हा ऐकता येईल. उद्याच्या दुपारीसाठी काहीतरी राखून ठेवलेले असणे, हाही आरोग्याचाच भाग आहे.